दुखवट्याचा ठराव राहून गेला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोविडच्या साथीचा हिशेब आपण बऱ्याच अंगांनी मांडला. खाटा किती होत्या, प्राणवायू किती लागला, लशीचे डोस किती दिले, पर्यटन किती बुडाले, मुलांची शाळा किती काळ मोबाइलवर चालली, या सगळ्यावर लेख आले आणि विधानसभेत प्रश्नही विचारले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यानंतर तर हा विषय जणू दप्तरी दाखल झाला. मात्र त्या दोन वर्षांत लोकांच्या मनात जे साठले आणि चारचौघांत बोलायचे राहून गेले, त्याची दखल कुठल्याही सभेने घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. पंचायत सचिव म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. साथीच्या काळात फोंडा तालुक्यात कामावर होते. त्या अनुभवावरून एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने कोविडमध्ये गेलेल्या आपल्या माणसांसाठी रीतसर दुखवट्याचा ठराव घ्यावा, अशी ती सूचना आहे. ती करावीशी का वाटली, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

२२ मार्च २०२० हा रविवार गोव्यात खरे तर जिल्हा पंचायत निवडणुकीच्या मतदानाचा दिवस ठरला होता. आम्ही पंचायतीचे लोक त्याच तयारीत होतो. मतदान पुढे ढकलले गेले आणि त्या दिवशी जनता कर्फ्यू पाळला गेला. संध्याकाळी पाच वाजता लोक दारात, बाल्कनीत येऊन थाळ्या वाजवू लागले. कुणी देवघरातली घंटा आणली, कुणी पितळी ताट. पुढे ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या. या प्रकारांची नंतर पुष्कळ टिंगल झाली आणि तिच्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. तरी त्या दोन प्रसंगी भीती एकमेकांत वाटून घेतली गेली, हे मान्य करावे लागेल. शेजारचा माणूसही आपल्याइतकाच घाबरला आहे हे डोळ्यांनी दिसले आणि तेवढ्यानेही जिवात जीव आला. गोव्यात तर जनता कर्फ्यू संपलाच नाही, तो तसाच टाळेबंदीत मिसळला. पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद होती. घरात डाळ-तांदूळ किती आहेत हे मोजणारी माणसे त्या आठवड्यात सगळ्याच वाड्यांवर होती. मासळी नाही म्हणून कासावीस झालेली माणसेही होती. हे वाचून बाहेरचा हसेल, पण पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले सुके बांगडे मार्चमध्येच बाहेर काढावे लागले, यातली अस्वस्थता गोंयकाराला समजावून सांगावी लागणार नाही.

भीतीपाठोपाठ अभिमान आला. एप्रिलमध्ये घरोघर जाऊन सर्वेक्षण झाले, १९ एप्रिलपर्यंत राज्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही, दोन्ही जिल्हे हरित विभागात गेले, आणि गोव्याने कोविडला हरवले अशी भाषा सुरू झाली. अभिमान हीसुद्धा सामूहिक भावनाच, आणि ती सुखाची. अडचण अशी की आपण स्वच्छ आहोत असे एकदा वाटू लागले की बाहेरून येणारा प्रत्येक जण मळका दिसू लागतो. काही गावांनी त्याआधीच वेशीवर झाडाच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले होते. जहाजांवर नोकरी करणारी आपलीच मुले महिनोन् महिने समुद्रात अडकली होती. घरचे लोक त्यांना आणा म्हणून सरकारच्या मागे लागले होते आणि त्याच वेळी शेजारी त्यांना गावात घेऊ नका म्हणून अर्ज करत होते. असे अर्ज पंचायतीत आले की त्यांच्यावर आवक क्रमांक घालावा लागतो. मी तो घालत असे. जूनच्या सुरुवातीला वास्कोतील मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले, तेव्हा तर ‘मांगोर’ हे नाव शिवी दिल्यासारखे उच्चारले जात होते. तिथे राहणाऱ्या कामगारांना, फेरीवाल्यांना आणि साध्या नोकरदारांना ते दिवस कसे गेले असतील, याची चौकशी आपण नंतर कधी केली नाही. थिवी, करमळी, मडगाव स्थानकांवरून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा घराच्या भिंती रंगवणारा, बोटीवर जाळी ओढणारा आणि हॉटेलात भांडी घासणारा माणूस निघून गेला. तो गेल्याचे दुःख आपल्याला प्रामुख्याने कामे अडली म्हणून झाले, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण माझे निरीक्षण तरी असेच आहे.

गोव्यातला पहिला कोविड मृत्यू २२ जून २०२० रोजी नोंदवला गेला. तिथून पुढे भीती आणि अभिमान दोन्ही मागे पडले आणि ज्याला काही नाव नाही असे काहीतरी सुरू झाले. आपल्याकडे मृत्यू घरात घडला तरी तो वाड्याचा असतो. हिंदू घरात माणूस गेला की शेजारी आधी चूल पेटवतात, आपल्या घरची. मर्तिकाच्या घरी चहा, पेज, मुलांना जेवण हे सगळे न सांगता पोचते. दहा दिवस कुणी ना कुणी येऊन बसते. बोलायला काही नसते म्हणून गेलेल्याच्या सवयी, त्याचे तिरसट बोलणे, त्याने शेतात लावलेला माड असे काहीबाही निघत जाते आणि त्यातूनच घर हळूहळू सावरते. ख्रिस्ती घरात रोझरी असते, सातव्या दिवसाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते, महिन्याची मीस असते. मुसलमानांच्या घरी जनाज्याला खांदा द्यायला अनोळखी माणूसही पुढे होतो. या सगळ्या रीतींचे काम एकच, दुःखाचे ओझे एका घरावर न ठेवता ते अनेकांच्या खांद्यावर वाटणे. कोविडने नेमक्या याच रीतीवर घाव घातला. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कोविडने गेलेल्याच्या बाबतीत वीसही कुठे जमत होती? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह परस्पर स्मशानात गेला, संरक्षक पोशाखातल्या परक्या माणसांनी अग्नी दिला, मुलाने तो मोबाइलवर पाहिला. घरी सुतक आणि विलगीकरण दोन्ही एकदम आले. सुतकात माणसांनी यायचे असते आणि विलगीकरणात कुणी येता कामा नये. फाटकाबाहेर डबा ठेवून, दुरून हाक मारून परत फिरणारे शेजारी मी पाहिले आहेत. त्यांना आत जायचे होते. डबा ठेवूनही ते बराच वेळ फाटकाशी उभे राहत आणि आतून कुणी खिडकीत आले की काय बोलावे ते न सुचून हात जोडत.

आणि मग मे २०२१ आला. त्या महिन्यात गोव्यात तपासल्या जाणाऱ्या दर दोन माणसांमागे जवळपास एक बाधित निघत होता. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पहाटे दोन ते सहा या वेळात रुग्ण दगावत होते. ११ मेच्या एकाच पहाटे २६ जण गेल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर होता आणि सुनावणीच्या बातम्या लोक निकाल ऐकावा तशा ऐकत होते. कारणांबद्दल सरकारातच एकमत नव्हते. मी त्या वादात शिरत नाही, कारण तो या पत्राचा विषय नाही आणि त्याची उत्तरे द्यायला माझ्याहून जास्त जबाबदार माणसे आहेत. मला सांगायचे आहे ते पहाटे दोनबद्दल. त्या आठवड्यात ज्याचे माणूस बांबोळीला होते असे कुठलेही घर पहाटे दोन वाजता झोपलेले नव्हते. फोन उशाशी, आवाज पूर्ण मोठा, आणि तो वाजू नये अशी इच्छा. १६ मे रोजी तौक्ते वादळ आले, झाडे पडली, आमच्या भागात वीज गेली आणि फोनही बंद पडले. मग तो वाजू नये ही इच्छा उलटी झाली, वाजावा असे वाटू लागले. असे दिवस एखाद्या घरावर आले तर आपण त्याला दुर्दैव म्हणतो. त्या पंधरवड्यात ते शेकडो घरांवर एकाच वेळी आले होते आणि तरीही प्रत्येक घर एकटे जागत होते.

सरकारी आकड्यानुसार गोव्यात कोविडने सुमारे चार हजार माणसे गेली. राज्यातल्या १९१ पंचायती आणि शहरांतले प्रभाग धरले तर सुटलेला गाव क्वचितच सापडेल. आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, जी कदाचित बऱ्याच वाचकांच्या ध्यानात आलेली नसेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथल्या नोंदवहीत लिहिला जातो, माणूस राहत होता तिथल्या नव्हे. कायदा म्हणून हे योग्यच आहे. परिणाम असा की आमच्या गावातली जी माणसे बांबोळीला, मडगावला किंवा म्हापशाला इस्पितळात गेली, त्यांचे नाव आमच्या पंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत नाही. उद्या कुणी पन्नास वर्षांनी ती वही उघडली तर त्या दोन वर्षांत गावात विशेष काही घडले नाही असा त्याचा समज होईल. एरवी ही त्रुटी गाव आपल्या आठवणीने भरून काढतो, कारण अंत्ययात्रेला सगळा गाव लोटलेला असतो. या वेळी ते झाले नाही. कुणाचा चुलता नेमका कधी गेला, हे दोन घरे पलीकडच्या माणसाला आज सांगता येत नाही. मी विचारून पाहिले आहे.

सरकारने या घरांशी संवाद केला तो अर्जाच्या रूपात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान मंजूर झाले. चाचणी बाधित आल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झालेला असला तर तो कोविड मृत्यू धरण्याचे ठरले. या नियमामुळे अनेकांना न्याय मिळाला, हे नमूद केले पाहिजे. त्या निमित्ताने दाखल्यांसाठी लोक पंचायतीत येऊ लागले. त्यातली एक बाई रहिवासी दाखल्यासाठी आली होती. नवऱ्याचे आधार कार्ड मागितले तेव्हा तिने एक निळी प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. इस्पितळातून त्याचे सामान ज्या पिशवीत मिळाले, तीच ती पिशवी, गाठ मारलेली. कित्येक महिन्यांत ती सोडलेली नव्हती. मी कात्री पुढे केली तर तिने मान हलवली आणि नखांनी गाठ सोडवत बसली. मागे रांग होती, पण रांगेतले कुणी काही बोलले नाही. आत चष्मा, चार्जर, घडी घातलेला टॉवेल, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि तळाशी आधार कार्ड होते. बिस्किटांना मुंग्या लागल्या नाहीत, हे तिने मला दोनदा दाखवले. मग ती आपण डबा पाठवला होता तो कसा परत आला, फोनवर त्यांनी शेवटी काय विचारले, असे सांगू लागली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या भावाचे सांगायला सुरुवात केली. तिसऱ्याने आपले सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे त्या माणसांना त्या दुःखाबद्दल परक्यांसमोर बोलायला मिळालेली ती पहिलीच जागा असावी आणि ती एका दाखल्याची रांग होती.

त्या बोलण्यात जे निघाले ते नुसते दुःख नव्हते. त्यात राग होता, कधी इस्पितळावर, कधी सरकारवर, कधी लग्नाला बोलावणाऱ्या नातेवाइकावर. सगळ्यांत जड होती ती रुखरुख. आजार आपणच घरात आणला, आपल्यामुळे आई गेली, असे मनात धरून बसलेले तरुण माझ्या ओळखीत आहेत. कामावरून आल्यावर आंघोळ केली होती का, त्या दिवशी मास्क नाकाखाली होता का, असल्या प्रश्नांचा पाढा ते अजून म्हणतात. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेले असेल, कुणी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला असेल. ती सोय चांगली आहे आणि ज्याला झोप येत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने ती अवश्य वापरावी. पण सगळ्याच रुखरुखीला मनोविकार मानून एकेकाला दवाखान्यात पाठवण्याने काम भागणार नाही. साथ कुणाच्या घरची नव्हती. ती अख्ख्या जगावर आलेली होती. ती कुणामुळे आली हा प्रश्नच चुकीचा आहे, हे त्या मुलाला समुपदेशकाने सांगणे वेगळे आणि ज्यांच्या नजरेला तो चुकवतो त्या गावाने सांगणे वेगळे. दुसरे जे राहून गेले ते आभाराचे. १०८ रुग्णवाहिकांचे चालक, अंगणवाडीच्या बाया, परिचारिका, स्मशानात सलग काम करणारी माणसे यांच्यावर हेलिकॉप्टरमधून फुले पडली, पण गावात परतल्यावर त्यांच्याच घराकडे लोक कानाडोळा करत. त्यांच्या मनातली कडवट चव अजून गेलेली नाही, आणि ती जाण्यासाठी कुणी काही केले आहे असेही नाही.

यावर तीन प्रकारचे आक्षेप येतील. विसरत चाललेले उकरून काढू नये, असे काहीजण म्हणतील. ज्यांच्या घरात तो फोटो भिंतीवर आहे त्यांना विचारून पाहावे, कोण विसरले आहे ते. काहीजण म्हणतील की यात राजकारण शिरेल. शिरेल, आपल्या ग्रामसभेत नळाच्या पाइपातही शिरते. तेवढ्याने आपण नळ मागायचे सोडत नाही. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. काही कुटुंबांना आपल्या माणसाचे नाव कोविडच्या यादीत नको असते, कारण त्या काळात जो दुरावा सोसला त्याची धास्ती अजून आहे. त्यांच्या इच्छेचा पूर्ण मान ठेवला पाहिजे. नाव त्या कुटुंबाच्या संमतीनेच घ्यावे, आणि संमती नसेल तिथे ठरावात ‘व इतर ग्रामस्थ’ एवढे शब्द पुरेत.

ग्रामसभेत दुखवट्याचा ठराव ही काही नवी कल्पना नाही. माजी सरपंच, स्वातंत्र्यसैनिक, देणगीदार, कधी देशाचे मोठे नेते गेले की सभेच्या आरंभी तो मांडला जातो, सगळे दोन मिनिटे उभे राहतात आणि सचिव इतिवृत्तात नोंद करतो. साथीत ग्रामसभाच बराच काळ भरू शकल्या नाहीत. भरू लागल्या तेव्हा रस्ते, कचरा, बांधकाम परवाने यांचे विषय तुंबले होते, त्यामुळे ते ठराव राहून गेले. ते आता घेता येतील. त्याला निधी लागत नाही, मंत्र्याचे उद्घाटन लागत नाही, स्मारकाची जागा लागत नाही. वॉर्डातल्या पंचाने आपल्या वॉर्डातली घरे विचारावीत, नाव, वय, वाडा आणि तारीख लिहून घ्यावी. ठराव वाचताना नावे वाचली जावीत, घाईने नव्हे. घरच्यांपैकी कुणाला चार शब्द बोलायचे असतील तर बोलू द्यावे, नसेल बोलायचे तर आग्रह करू नये. ज्यांनी त्या काळात काम केले त्यांच्या आभाराचा ठराव त्याच सभेत वेगळा घ्यावा, दुखवट्याला जोडून नको. मग सभेचे नेहमीचे कामकाज सुरू करावे. इतिवृत्ताची वही पंचायतीत कायम राहते, त्यामुळे नोंदवहीत जी उणीव राहिली ती काही अंशी तरी भरून निघेल. शहरांत ग्रामसभा नाहीत, तिथे नगरपालिकेच्या बैठकीत प्रभागवार असेच करता येईल.

एक जोडसूचना. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा इतिहास १८३२ पासूनचा आहे आणि जुनी वृत्तपत्रे जपण्याची सवय त्या संस्थेला आहे. त्या दोन वर्षांतली लोकांची पत्रे, डायऱ्या, शाळकरी मुलांनी लिहिलेले निबंध, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली शोकसंदेशांची पोस्टर्स हे सगळे त्यांनी मराठी, कोकणी, इंग्रजी असा भेद न करता गोळा करायला घ्यावे. मोबाइल बदलले की हे सारे पुसले जाते आणि बऱ्याच जणांचे मोबाइल एव्हाना बदललेही आहेत, म्हणून हे काम ठरावाइतके सावकाश करण्यासारखे नाही.

पुढची साधारण ग्रामसभा जवळच्या एखाद्या रविवारी असेलच. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून कुणाही ग्रामस्थाला पंचायतीकडे लेखी अर्ज देता येतो, तो सभेच्या पुरेसा आधी द्यावा आणि पोचपावती घ्यावी. एखाद्या पंचायतीला ठरावाचा मसुदा करायला मदत हवी असेल तर मी तो आनंदाने करून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे आणि तो चौकशी करणाऱ्या पंचायतीला द्यायला माझी हरकत नाही. पत्राखाली मात्र माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पंचायत सचिव,
तालुका फोंडा, गोवा